ताईची पालथी बादली

ताई, रडायचं नंतर बघू. आधी तुझ्या बदकांचं सांगते, कारण तू असतीस तर दारातून आत पाऊल टाकता टाकता तेच विचारलं असतंस. मी कशी आहे, जेवले की नाही, असलं तू कधी विचारलंच नाहीस. ते तू माझ्या ताटाकडे एकदा बघून ओळखायचीस.

तर, तू गेलीस त्या दिवसापासून बदकं खुराड्यात जात नव्हती. तुला नेलं तेव्हा घरभर माणसं होती, मागच्या अंगणाकडे कोणाचं लक्ष असणार? पुरुषमंडळी परत आली, आंघोळी झाल्या, सावंतवहिनींनी पिठलं-भात आणून ठेवला आणि मला एकदम आठवलं. धावत मागे गेले. पाचही जणं शेवग्याखाली एकमेकांना चिकटून उभी होती. खुराड्याचं दार उघडं होतं आणि मध्ये तुझी निळी बादली, पालथी, तू आदल्या संध्याकाळी ठेवली होतीस तशीच. कोंबड्या काळोख पडला की आपसूक आत जातात, बदकांचं तसं नसतं, त्यांना कोणीतरी न्यावं लागतं, हे तूच मला सांगितलं होतंस. पण कसं न्यायचं ते मी शिकून घेतलं नव्हतं. मला काय गरज होती? तू होतीस.

आपल्या अंगणाची भिंत कमरेएवढी आणि भिंतीपलीकडे डोंगर. डोंगरात कोण आहे ते दिंडोशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेल्या थंडीत कोपऱ्यावरच्या वॉचमनचा कुत्रा नेला त्या बिबट्याने. तू म्हणायचीस, "तो त्याच्या घरात रवता, आपण आपल्या घरात. कित्याक घाबरतंस?" तुझं बरं होतं. तू निवांत झोपायचीस आणि मी खिडकीची कडी तपासायला उठायचे. आता कडी तपासून भागत नव्हतं, कारण पाच पांढरीशुभ्र बदकं उघड्यावर बसली होती, जशी काही त्याच्यासाठी पान वाढून ठेवलंय. सावंतवहिनी तिसऱ्याच दिवशी भिंतीवरून म्हणाल्या, "शुभाताई, दुःखात आहात, कळतं मला. पण ती बदकं आत घ्या हो. त्याला एकदा का घर माहीत झालं ना, की वाट लागली आपली. माझी नात खेळते इथे." त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं.

तुझी ही बदकं मला पहिल्यापासून नकोच होती, हे आजही सांगते. डोंगरापलीकडच्या स्टुडिओत कुठल्याशा मालिकेचं गाव उभारलं होतं, तळ्यासकट. मालिका बंद पडली आणि तिथला तो देवगडचा सेटवाला, ज्याची आई तुझ्या वॉर्डात होती, तो टेम्पोतून खोका घेऊन दारात उभा राहिला. "सिस्टर, घेताव काय? नायतर आज युनिटची पार्टी हा." तू खोक्यात डोकावलीस आणि घेतलास. मला विचारलंसही नाहीस. मी म्हटलं, "अगं, घाण करतील, वास येईल, साप येतील." तू म्हणालीस, "येऊ देत."

पण ती बदकं माणसाला इतकी भ्यायची की बघवायचं नाही. सेटवर 'अ‍ॅक्शन' म्हटलं की त्यांना उचलून पाण्यात फेकायचे आणि 'कट' म्हटलं की पाय धरून बाहेर काढायचे, दिवसभर, त्या मोठमोठ्या दिव्यांखाली. त्यामुळे हात दिसला की ती सैरावैरा पळायची, भिंतीवर आपटायची. मी नुसतं मोरीचं दार उघडलं तरी कलकलाट. त्यातली ती पुढे पुढे करणारी, एका पायाने किंचित लंगडणारी, तिला तू हिरॉईन म्हणायचीस. बाकीच्यांना नावंच नव्हती. "युनिटातली माणसां ती," म्हणायचीस.

तू काय केलंस ते मी मागच्या दारात उभी राहून बघत होते. तू काहीच केलं नाहीस. संध्याकाळी बादली पालथी घालायचीस, बदकांकडे पाठ करून तिच्यावर बसायचीस आणि मेथी निवडायचीस, नाहीतर शेंगा सोलायचीस. बाजूला परातीत पाणी आणि पाण्यात मटाराचे दाणे. बघायचं नाही, बोलवायचं नाही, हात पुढे करायचा नाही. मी म्हटलं, "अशी कशी येतील? यू-यू तरी कर." तू म्हणालीस, "नवीन पेशंट आला की त्याच्या उशाशी बसून त्याका प्रश्न विचारायचे नसतत. बाजूच्या खाटेची चादर बदलायची. तोच बोलता मगे." कितीतरी दिवस ती शेवग्याखालून हललीच नाहीत. मग एक दिवस हिरॉईन मान लांब करून परातीपाशी आली, एक दाणा उचलला आणि पळाली. तू मान वळवली नाहीस. मला मात्र दारातून तुझा चेहरा दिसत होता. इतकी खूश मी तुला रिटायरमेंटच्या दिवशीही बघितली नव्हती.

पुढे ती तुझ्या पायांवरून चालायला लागली, तुझ्या गाऊनचं बटण ओढायला लागली. तरी तू त्यांना कधी धरलं नाहीस. हात लावायचो नाय, हा तुझा नियम. दिवेलागणीला तू उठायचीस, बादलीवर बोटांनी टकटक करायचीस आणि पाचही जणं ओळीने बादलीला वळसा घालून खुराड्यात जायची. आणि मी मागून ओरडायचे, "नुसती तार काय अडकवतेस, कुलूप लाव!"

ताई, एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. हे गेल्यावर मी घाटकोपरची जागा सोडून तुझ्याकडे आले, तेव्हा तूही मला काही विचारलं नव्हतंस. सगळे नातेवाईक विचारत होते, कसं झालं, शेवटी काय म्हणाले, आता पुढे काय. तू माझी बॅग आत ठेवलीस, माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहून कुळीथ पाखडू लागलीस. कितीतरी दिवस तसंच. एका संध्याकाळी मीच बोलायला लागले आणि थांबेचना. तू तेव्हाही वळली नाहीस, फक्त सूप खाली ठेवलंस. त्या बदकांकडे बघताना मला ते आठवायचं आणि मी म्हणणार म्हणणार करत राहिले, की तू मला असंच माणसात आणलंस. म्हटलं नाही. आपल्यात असलं बोलायची रीत कुठे होती? आपल्यात रीत भांडायची.

आणि भांडण तरी कोणतं? गेलं वर्षभर एकच. तू बादलीवर, मी मागच्या दारात, हातात चहाचा कप. "ताई, डॉक्टरकडे कधी जायचं?" तुझं उत्तर ठरलेलं, "उद्या बघूया गो." मग मी, की उद्या उद्या करत दिवाळी आली. जिना चढताना तुला धाप लागते. परवा डावा खांदा चोळत होतीस. एक ईसीजी काढायला काय जातं? मग तू, "शुभे, माका शिकवू नको. जलम वॉर्डात काढलंय मी. गॅस झालो हा." मग मी आणखी चढायचे, आणि तू एकदम गप्प व्हायचीस. तुझं ते गप्प बसणं मला सगळ्यात जास्त लागायचं. मी म्हणायचे, "बघ, बसलीस ना गप्प! कळतं मला सगळं." मग तू उठायचीस आणि बादलीवर टकटक करायचीस. रोजचं होतं हे. सावंतवहिनी म्हणायच्या, तुमचा आवाज आला की आम्ही देवापाशी दिवा लावतो.

मला तुझा राग येतो, ताई. हे स्मृतिलेखात लिहितात की नाही मला माहीत नाही, पण येतो. तू लोकांच्या तोंडाकडे बघून सांगायचीस की याला आत्ताच्या आत्ता वर आयसीयूत न्या. आणि स्वतःचा खांदा चोळत मटार सोलत बसलीस.

असो. बदकांचं सांगत होते.

पहिल्यांदा मी आणि तुझा भाचा निनाद, दोघांनी चादर धरून त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि एकेक करून आत कोंबलं. काय ती फडफड आणि काय ते ओरडणं! दुसऱ्या दिवशी दार उघडलं तरी ती बाहेर येईनात, खाईनात. एक तर मान पंखात घालून बसलं ते दुपारपर्यंत. मला धडकीच भरली, म्हटलं हेही जातंय की काय. परत चादरीचं नाव काढलं नाही. मग निनादने डोकं चालवलं. ठाण्याहून येताना दिवा घेऊन आला, अंगणात काही हललं की आपोआप लागणारा. "आई, बिबट्या लाइटला घाबरतो. लावून टाकतो, टेन्शन नको." लावला. संध्याकाळी हिरॉईन दोन पावलं चालली आणि फाडकन् सगळं अंगण पांढरंफटक झालं. ती उडाली, म्हणून दिवा विझेना, दिवा विझेना म्हणून बाकीची उडाली. त्यांच्या लेखी परत शूटिंग सुरू! मी स्टुलावर चढून तो दिवा उपटला. निनाद बघतच राहिला. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, आणि मीही मग हसले असते.

मग मी ठरवलं, तू करायचीस तस्संच करायचं. तुझा तो निळ्या फुलांचा गाऊन घातला, तुझ्या स्लीपर घातल्या, बादलीवर बसले, पाठ केली, परातीत मटार टाकले. तोंडातून चकार शब्द काढला नाही. कंबर मोडेस्तोवर बसले, रोज. कान मागे लावून. डोंगरात पान वाजलं की बादलीची कड घट्ट धरायचे. बदकं शेवग्याखालून हलली नाहीत. बादलीवर मी टकटक केली तर उलट मागे सरकली. एकदा मी न राहवून वळून बघितलं. हिरॉईन माझ्याकडे अशी बघत होती की मलाच शरम वाटली. गाऊन काढून ठेवला. त्याला अजून तुझा वास आहे, बामचा आणि डेटॉलचा. तो मी धुणार नाही.

त्यानंतर एका सकाळी मागचं दार उघडलं तर भिंतीपाशी पांढऱ्या पिसांचा पुंजका. ताई, मोजायचा धीर होईना. सावंतवहिनींना हाक मारली, त्यांनी मोजली. होती पाचही. हिरॉईनच्या शेपटीकडची पिसं गेली होती आणि थोडं रक्त होतं. मुंगूस असेल नाहीतर बोका, वहिनी म्हणाल्या, "तो असता तर काही शिल्लक ठेवलं नसतं." मला धीर द्यायला म्हणाल्या, पण मी त्या दिवशी घास गिळू शकले नाही. निनादला फोन केला. त्याने सरळ सांगून टाकलं, "आई, बस झालं. शहापूरला माझ्या मित्राचं फार्महाऊस आहे, तिथे तळं आहे. रविवारी त्याची गाडी येईल, घेऊन जाईल."

"मारणार तर नाहीत ना?"

"आई, काहीतरीच काय! ... म्हणजे, मी सांगून ठेवेन त्याला."

ते 'सांगून ठेवेन' मला ऐकवलं नाही. पुन्हा कोणीतरी पाय धरून उचलणार, खोक्यात घालणार. तू इतके महिने पाठ करून बसलीस, त्याचं काय? पण मी नको तरी कुठल्या तोंडाने म्हणू? मला एकाही बदकाला आत नेता येत नव्हतं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मी बादलीवर बसायला गेलेच नाही. काय उपयोग? चहा केला. सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला. कप घेऊन मागच्या दारात येऊन उभी राहिले. उन्हं डोंगराआड गेली होती. बादली तिथेच होती. बदकं शेवग्याखाली. आणि त्या रिकाम्या बादलीकडे बघून माझं डोकंच फिरलं.

"काय गं," मी म्हटलं, "आता कळलं का? म्हणत होते ना मी? कधीपासून म्हणत होते, डॉक्टरकडे चल, डॉक्टरकडे चल. उद्या बघूया! हा बघ तुझा उद्या. गाडी येतेय उद्या. कोण नेणार त्यांना आत, मी? मला येतं का काही? जिना चढताना तुला धाप लागत होती. खांदा चोळत होतीस. एक ईसीजी, ताई, पाच मिनिटांचं काम..."

मी रडत होते, ओरडत होते, सावंतवहिनींच्या घरात दिवा लागला. आणि हिरॉईन शेवग्याखालून निघाली.

मी बोलायची थांबले नाही, थांबायची हिंमतच झाली नाही. ती लंगडत पुढे आली, तिच्या मागे एक, मग बाकीची. ओळ धरली त्यांनी. ताई, मला तेव्हा कळलं. ती तुझ्याकडे यायला शिकली तेव्हा मागून माझी वटवट चालू असायची. रोज. त्यांच्या लेखी संध्याकाळ म्हणजे तीच होती. बादलीवर कोण बसलंय हे नंतरचं. मी तुझी जागा घ्यायला गेले आणि माझी जागा रिकामी पडली, मग त्या बिचाऱ्यांना कसं कळावं की सगळं ठीक आहे?

मी बोलत राहिले. रोजचं सगळं बोलून झालं, आणि मग तोंडातून ते निघालं जे मी तुला कधी विचारलं नव्हतं. "ताई, तुला माहीत होतं का गं? इतके पेशंट बघितलेस. तुला कळत होतं ना हा गॅस नाही ते? मग मला का नाही सांगितलंस?"

पुढे मला बोलता येईना. बदकं बादलीपाशी थांबली. पाचही. हिरॉईनने मान तिरकी करून बादलीकडे बघितलं. अंगणात कसलाही आवाज नाही. अंधार पडत होता, खुराड्याचं दार तीन पावलांवर, आणि ती उभी. मला वाटलं आता ही परत फिरणार. आणि तू काही बोलेनास.

पण तू असं आयत्या वेळी गप्प बसणं मला नवीन होतं का? मी डोळे पुसले.

"बघ," मी म्हटलं, "बसलीस ना गप्प! कळतं मला सगळं."

हिरॉईन बादलीला वळसा घालून खुराड्यात गेली. तिच्या मागोमाग बाकीची. मी हळूच जाऊन तार अडकवली. मग घरातून कुलूप आणलं आणि तेही लावलं. त्याबद्दल आता तू काही म्हणू नकोस.

निनादला कळवलं, गाडी पाठवू नको. तो म्हणाला, "आई, रोज अशी एकटी बोलत राहणार तू? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, सावंतवहिनी देवापाशी दिवा लावतील, दुसरं काय. तो म्हणाला, "मी येऊ का थोडे दिवस राहायला?" मी म्हटलं ये, पण दिवा आणू नकोस.

मला अजून भीती वाटते, ताई. भीती वाटणं काही थांबलेलं नाही. एखाद्या संध्याकाळी मला ताप आला, घसा बसला, तर? डोंगरात काही वाजलं की मी अजूनही कडी बघायला उठते. आणि तो प्रश्न तर आहेच. रोज तो विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि रोज त्या ठिकाणी बदकं थांबतात, बादलीकडे बघतात. तेवढा वेळ मीही बघते.

आत्ता ऊन शेवग्यावर आलंय. चहा ठेवलाय. बादली पालथी घातली आहे, तुझ्या जागेवर, जराही हलवलेली नाही. ईसीजी काढायला कधी जायचं, ताई?